गिरणीतून दळून आणलेल्या ताज्या पिठाचा पाव : गहू कोणता, पाणी किती?

चैत्रपालवी
घरी पाव करणारे आता बरेच झालेत, पण कृती पाहिल्या तर बहुतेक मैद्याच्या, नाहीतर "अर्धा मैदा, अर्धी कणीक" अशा. मला विचारायचंय ते पूर्ण गव्हाच्या पावाबद्दल. तेही पाकिटातल्या पिठाचा नाही, आपण गहू निवडून, पाखडून गिरणीतून किंवा घरघंटीवर दळून आणतो त्या पिठाचा.

माझं मत आधीच सांगते. हा पाव मैद्याच्या पावाची नक्कल म्हणून करू नये. दळल्या दिवशीच्या पिठाला जो गोडसर वास असतो तो भाजल्यावर पावात उतरतो, आणि तो पाकिटातल्या पिठात सापडत नाही. त्या वासासाठी थोडा कमी फुगलेला पाव मला चालेल. पण कमी फुगलेला वेगळा आणि आत ओलसर, गच्च राहिलेला वेगळा. हा दुसरा प्रकार टाळायचाय.

म्हणून प्रश्न : लोकवन, सिहोर, खपली यांतला कोणता गहू घ्यावा? कोंडा चाळून काढावा का? गिरणीतून गरम आलेलं पीठ लगेच मळावं की दोन दिवस ठेवावं? आणि पाणी किती? कृपया मापं ग्रॅममध्ये द्या, वाट्या प्रत्येकाच्या घरी वेगळ्या असतात. माझ्याकडे साधा २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे.

साधासुधा
इतकं ताजं पीठ घरात असताना पाव कशाला? गरम पोळी करा, वर तूप घाला. यीस्ट, ओव्हन, चार तास कुणी सांगितलेत!

चैत्रपालवी
साधासुधा, पोळी रोज होतेच, तिच्याशी भांडण नाही. पण पाव एकदा भाजला की दोन-तीन दिवस डब्याची सोय होते. विकतच्या ब्राउन ब्रेडच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचून बघा. पहिलं नाव बरेचदा मैद्याचंच असतं आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा. मुलांना गव्हाचा म्हणून द्यायचा तर तो गव्हाचा असावा, इतकंच.

अणुरेणू
चांगला धागा. मी अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी पिठाचं काय होतं ते सांगतो. गव्हाची निवड शेतीवाल्यांनी सांगावी.

रोलर मिलमध्ये दाणा टप्प्याटप्प्याने फोडतात, कोंडा आणि अंकुर (दाण्यातला कोंब फुटणारा भाग) बाजूला काढतात, उरतो तो मैदा. आपल्या गिरणीत दगडाखाली सगळं एकदम चिरडलं जातं. त्यात स्टार्चचे कणही मोठ्या प्रमाणात मोडतात आणि मोडलेला स्टार्च जास्त पाणी पितो. चक्कीच्या पिठाची पोळी मऊ राहते त्याचं हेच कारण. पावाला मात्र याचे दोन परिणाम होतात. एक, पाणी जास्त लागतं. दोन, या मोडलेल्या स्टार्चची साखर लवकर होते, यीस्टला भरपूर खायला मिळतं, आणि पीठ मैद्यापेक्षा लवकर फुगून लवकर बसतं. मैद्याच्या कृतीत "दुप्पट होईपर्यंत ठेवा" असं लिहिलेलं असतं. या पिठाला दुप्पट होऊ दिलं तर दुसऱ्या वेळी उठायला त्यात जीव उरत नाही. दीडपट झालं की पुढचं काम सुरू करा.

आता कोंडा आणि अंकुर. गव्हातल्या प्रथिनांचं मळताना चिवट, ताणलं जाणारं जाळं होतं, ते ग्लुटेन. पाव फुगतो तो त्याच्यामुळे. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या पडद्याला छेद देतात. अंकुरात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, ते ग्लुटेनचे बंध सैल करतं. अंकुरातलं तेल हवेशी आलं की हळूहळू खवट व्हायला लागतं. म्हणून पीठ एक तर दळल्यावर एक-दोन दिवसांत वापरावं, नाहीतर डब्यात घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावं. वास हवा असेल तर पहिलाच मार्ग. फक्त गरम पीठ मळू नका. गिरणीतून येताना ते हाताला चांगलंच गरम लागतं. तसंच मळलं तर गोळ्याचं तापमान चढतं आणि यीस्ट धावत सुटतं. परातीत पसरून पूर्ण निवू द्या, उन्हाळ्यात पाणीही फ्रीजमधलं घ्या.

गिरणीवाल्याला एक सांगायचं : बारीक दळ, पण दगड फार आवळू नको. दगड आवळून एकाच फेऱ्यात अगदी बारीक काढायला गेलं की पीठ जास्त तापतं, आणि फार तापलेल्या पिठातलं ग्लुटेन दुबळं होतं.

गुलबक्षी
खपलीच घ्या. खपलीत ग्लुटेन नसतं, पोटाला हलका. आमच्याकडे सगळं खपलीवर आलंय.

अणुरेणू
गुलबक्षी, हे इथेच दुरुस्त करायला हवं, कारण कुणाच्या तरी तब्येतीचा प्रश्न आहे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. त्याची ठेवण दुबळी असते म्हणून तो ताणला जात नाही, पण ज्यांना सीलिअ‍ॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) आहे त्यांना खपली चालत नाही. शिवाय अशा घरांनी गव्हाच्या गिरणीतून ज्वारी-बाजरीही दळून आणू नये, आधीच्या दळणाचं पीठ आत राहिलेलं असतं.

गुलबक्षी
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आमच्याकडे कुणाला तो आजार नाही, पण बहिणीच्या शेजारच्या मुलाला आहे. आजच कळवते.

निफाडची थंडी
आमची शेती निफाड तालुक्यात, गहू घरचा. थोडं सविस्तर लिहितो.

बाजारात "लोकवन" म्हणून मिळतो तो मुळात लोक-१, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं वाण. पण दुकानात लोकवन या नावाखाली पुष्कळदा मिसळ असते. सिहोर किंवा शरबती म्हणजे मध्य प्रदेशातला, जुन्या सी-३०६ सारख्या उंच वाढणाऱ्या वाणांचा. पोळीला त्याचं नाव आहे ते योग्यच आहे, पिठाला गोडी आहे, पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ. पावाला मात्र जोर लागतो, तो त्यात मध्यम. बन्सी हा रव्याचा, शेवयांचा गहू. त्यात प्रथिनं भरपूर, पण ग्लुटेन ताठ, ताणलं की तुटतं. पाव, पोळीचा गहू आणि बन्सी-खपली ही मुळात वेगळी कुळं आहेत. पावाच्या गव्हात गुणसूत्रांचे सहा संच असतात, बन्सी-खपलीत चार. पाव फुगवणारे गुण बरेचसे त्या जास्तीच्या दोन संचांतून येतात.

म्हणून चैत्रपालवीताईंना सल्ला : दुकानदाराला नुसतं "चांगला गहू द्या" म्हणू नका, वाणाचं नाव विचारा. आमच्याकडे निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक आणि तपोवन खूप पेरतात. पुण्यातल्या आघारकर संस्थेचं एमएसीएस ६४७८ हेही बघा. साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यात करंजखोपच्या शेतकऱ्यांनी ते पेरून उत्पन्न वाढवलं, त्यात प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास आहेत. शेतकऱ्याकडून थेट घेतलं तर वाण एकच मिळतं, मिसळ नाही. पावाला हे फार महत्त्वाचं, कारण पाणी एकदा जमलं की वर्षभर तेच जमतं.

आणखी एक गोष्ट लोकांना सांगून पटत नाही. दाणा मोठा, टपोरा, पिवळाधमक दिसला म्हणजे तो पावाला चांगला असं नाही. दाणा दाताखाली फोडून बघा. आत काचेसारखा कडक दिसला तर जोर आहे, पांढरा भुसभुशीत दिसला तर कमी. उशिरा पेरलेल्या गव्हाला फेब्रुवारी-मार्चची उष्णता लागते, दाणा चिरमटतो, तो घेऊ नका.

बोरीबंदर
सगळं मान्य. पण वडापावला लादीपाव मैद्याचाच हवा. तिथे कोणी पूर्ण गहू, प्रथिनं, कोंडा असं म्हणालं तर मी धागा सोडून जाईन.

साधासुधा
बोरीबंदर, यावर आपलं एकमत.

हिप्परगा
आमच्या सोलापूरकडे पुरणपोळीसाठी गहू ओलवून दळतात. मला वाटतं ती रीत इथे उपयोगी पडेल.

गव्हाला पाण्याचा हात लावायचा, नुसता ओलसर होईल इतका, मग फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायचे. सकाळी सावलीत पसरून वरची ओल जाऊ द्यायची आणि दळायला पाठवायचे. ओलवल्यामुळे साल चिवट होते, तिचा भुगा होत नाही, मोठे पापुद्रे निघतात. मग बारीक चाळणीने किंवा वस्त्राने गाळलं की खाली सपीट आणि वर कोंडा स्वच्छ वेगळा. आजी कुरड्यांच्या गव्हातला चीक, सोजी, सपीट असं सगळं घरातच वेगळं काढायची, गिरणीला फक्त दळणाचे पैसे.

पावासाठी मी तो कोंडा टाकत नाही. त्यावर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवते, तासाभराने गार झाला की पिठात परत मिसळते. कोंडा मऊ झालेला असतो, पोटभर पाणी प्यायलेला असतो, मग मळताना पिठातलं पाणी ओढून घेत नाही. पूर्ण गहू तोच, पण पाव निराळा होतो. दळणाला देताना गिरणीवाल्याला सांगा मात्र, ओलवलेले गहू आहेत म्हणून. फार ओले राहिले तर दगडाला चिकटतात आणि तो पुढच्या खेपेला आपलं दळण घेत नाही.

अणुरेणू
हिप्परगा, उत्तम! मोठ्या मिलमध्येही दळण्याआधी गव्हाला पाणी देऊन काही तास मुरवतात, त्याच कारणासाठी. तुमच्या आजी जे घरी करायच्या ते मिलमध्ये टनावारी होतं. फक्त ओलवलेल्या गव्हाचं पीठ टिकत नाही, लगेच वापरायचं.

कुरड्यांचा विषय निघालाच आहे तर गहू तपासायची घरगुती रीतही सांगतो. १०० ग्रॅम पीठ घट्ट मळा, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग बारीक धारेखाली हळूहळू चोळत धुवा. पांढरं पाणी जातं तो स्टार्च, म्हणजे कुरड्यांचा चीकच. शेवटी हातात रबरासारखा गोळा उरतो. ते ग्लुटेन, पूर्ण गव्हाच्या पिठात त्याला थोडा कोंडा चिकटून राहतो. दोन वेगवेगळ्या गव्हांचे गोळे शेजारी ठेवून ताणून पाहा. जो न तुटता पातळ ताणला जातो तो पावाचा. बन्सीचा तुटेल, खपलीचा गोळा नीट जमणारच नाही.

सखीमंद
हे मुलांच्या शाळेच्या प्रकल्पाला फार छान आहे. अवांतर : खपलीचा पाव होणारच नाही का मग? आमच्या सांगलीकडे खपली खिरीलाच वापरतात, पण घरात पोतंभर आहे.

निफाडची थंडी
होतो, पण चारचौकोनी उंच पाव नाही. चौथा हिस्सा खपली आणि बाकी लोकवन-तपोवन असं करा. चवीला फार छान लागतो. नाहीतर डब्यात सैल पीठ ओतून बसका पाव करा, जास्त मळू नका, त्याचं ग्लुटेन मळून वाढत नाही, मोडतं.

ऱ्हाइनकाठी
मी जर्मनीत कोलोनला राहते. इथे घरी धान्य दळणारी कुटुंबं बरीच आहेत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावेल एवढी दगडाची छोटी चक्की असते. पाकिटावर पिठाचा क्रमांक असतो, ४०५, ५५०, १०५०. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते त्यावरून तो ठरतो. कोंडा जास्त तेवढी राख जास्त. पूर्ण धान्याच्या पिठाला क्रमांकच नसतो. आणि पावाला "फोलकोर्न" (पूर्ण धान्याचा) म्हणायचं तर त्यात निदान ९० टक्के पूर्ण धान्य असावं लागतं. चैत्रपालवीने ब्राउन ब्रेडबद्दल लिहिलं ते वाचून हे आठवलं. आपल्याकडेही पाकिटाच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात गव्हाची टक्केवारी असावी असं मला मनापासून वाटतं.

इथले लोक पूर्ण धान्याचा पाव मऊ राहावा म्हणून थोडं पीठ किंवा भरड धान्य गरम पाण्यात शिजवून घालतात. मी मोदकाची उकड काढायची सवय तिथे वापरते : ५०० ग्रॅमपैकी २५ ग्रॅम पीठ आणि १२५ ग्रॅम पाणी मंद आचेवर ढवळत राहायचं, चमच्याची रेघ दिसायला लागली की उतरवायचं. तापमान साधारण ६५ अंश. ही गार झालेली उकड पिठात मिसळली की पाव तिसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही.

म्हादई
गोव्यातून. आमच्या पोयेचा उल्लेख अजून कसा नाही? पोदेर (पाववाला) पहाटे सायकलवर हॉर्न वाजवत येतो, त्याच्या टोपलीत उंडे, कातरे, काकणां आणि पोयो. पोय कोंडा लावून लाकडाच्या भट्टीत भाजतात, आत पोकळ. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर (माडी) घालत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट आहे आणि पिठात मैदाही असतो. पण कोंड्याचा तो खरपूस वास अजून येतो.

घरी ओव्हन नसेल त्यांनी पोयेसारखं करून पाहा. पीठ थोडं सैल, एकदा फुगलेलं, त्याचे छोटे गोळे कोंड्यात घोळवून जाडसर थापायचे, परत अर्धा तास ठेवायचे आणि जाड तव्यावर झाकण घालून मंद आचेवर दोन्हीकडून भाजायचे. भट्टीची चव येणार नाही, पण ताज्या पिठाचा वास भरपूर येतो. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं तिखट कालवण) सोबत असेल तर बोलायलाच नको.

साधासुधा
म्हादई, तव्यावर भाजलेली, फुगलेली, गव्हाची... म्हणजे शेवटी सगळे पोळीकडेच आले!

म्हादई
या एकदा गोव्याला, पहाटेची गरम पोय खाऊ घालते, मग बोला.

बोरीबंदर
पोदेराचा हॉर्न वाचून मन भरून आलं. इराण्याचा ब्रून पाव, भरपूर लोणी आणि चहा यावरही वेगळा धागा काढा कोणीतरी.

अश्विनी
मध्येच विचारते. अणुरेणू, बेकरीवाले पाव फुगायला काहीतरी घालतात ना? घरी ते घालावं का?

अणुरेणू
पूर्वी पोटॅशियम ब्रोमेट वापरायचे. २०१६ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली. आता बहुतेक ठिकाणी अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व वापरतात. अंकुरातल्या ग्लुटाथायोनने सैल केलेलं ग्लुटेन ते पुन्हा घट्ट करतं, त्यामुळे पूर्ण गव्हाला त्याचा खरोखर उपयोग आहे. घालायचंच तर ५०० ग्रॅम पिठाला २५ ते ५० मिलिग्रॅम पुरे, म्हणजे साध्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा फार तर दहावा हिस्सा. पण गहू चांगला आणि पीठ ताजं असेल तर मी घालत नाही. वेळ दिला की काम होतं.

चैत्रपालवी
केवढी माहिती मिळाली! सगळ्यांचं एकत्र करून एक कृती मांडते, चुकत असेल तिथे सांगा.

५०० ग्रॅम एकाच वाणाचं ताजं, पूर्ण निवलेलं पीठ. ४०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २० ग्रॅम गूळ, २० ग्रॅम तेल. पीठ आणि त्यातलं ३६० ग्रॅम पाणी नुसतं कालवून पाऊण तास झाकून ठेवायचं, म्हणजे कोंड्याला पाणी प्यायला वेळ मिळेल. मग यीस्ट, मीठ, उरलेल्या पाण्यात विरघळवलेला गूळ घालून मळायचं, तेल शेवटी. दीडपट झालं की डब्यात. डब्याच्या काठापाशी आलं की २०० अंशावर तापलेल्या ओव्हनमध्ये ४० मिनिटं.

कोंडा चाळायचा की नाही यावर मी हिप्परगाताईंची रीत धरते : चाळायचा, भिजवायचा, परत घालायचा. त्याचं पाणी मोजून ४०० मधून वजा.

अणुरेणू
बरोबर आहे. पाण्याचा आकडा मात्र तुमच्या गव्हावर ठरेल, ३७५ ते ४२५ च्या मध्ये कुठेही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा स्पष्ट सैल आणि हाताला थोडं चिकट लागलं पाहिजे. चिकटतंय म्हणून वर कोरडं पीठ घालत गेलात की तोच गच्च पाव होणार. हात ओला करून मळा.

आत ओलसर राहण्याचं दुसरं कारण म्हणजे लवकर बाहेर काढणं. वरचा रंग पाहून ठरवू नका, पूर्ण गव्हाला रंग लवकर येतो. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९५ अंश दिसले पाहिजेत. आणि निदान दोन तास जाळीवर गार झाल्याशिवाय कापू नका, आतला स्टार्च तोवर बसत नाही.

हिप्परगा
ओटीजीत वरची कांडी जवळ असते. २० मिनिटांनी वरून फॉइल सैल ठेवा, नाहीतर पाठ करपते. आणि वेळेचं म्हणाल तर सोलापूरच्या मे महिन्यात पहिलं फुगणं पाऊण तासात होतं, डिसेंबरात दोन तास लागतात. घड्याळ बघू नका, भांड्याला बाहेरून रबरबँड लावा, पीठ कुठवर होतं ते कळतं.

ऱ्हाइनकाठी
पाव फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे सगळ्यात लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर काप करून फ्रीझरमध्ये, तिथून थेट तव्यावर.

सखीमंद
मुंबईच्या पावसाळ्यात तर दोन दिवसही बाहेर ठेवायची सोय नाही, बुरशी येते. फ्रीझरला अनुमोदन.

साधासुधा
घरी हा धागा वाचून दाखवला, तर या रविवारी करायचाच असं ठरलंय. पीठ आणायला मीच जाणार आहे. निफाडची थंडी, नाशिकमध्ये तपोवन गहू थेट कुणाकडून मिळेल?

निफाडची थंडी
साधासुधा, मला व्यक्तिगत निरोप करा, आमच्याकडचा गेल्या हंगामातला थोडा शिल्लक आहे, पाच-दहा किलो देता येईल. बाकीच्यांनी मार्चपर्यंत थांबा. आणि नवा गहू आला की लगेच पावाला घेऊ नका. काढणीनंतरचे पहिले काही आठवडे त्याचं पीठ चिकट होतं, पाणी धरत नाही. उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत दोन महिने मुरू द्या. अक्षय्य तृतीया उलटली की दळायला काढा.